लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात पहिल्यांदा जाताना: व्हिसापासून शेवटच्या गाडीपर्यंत

स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतातलं लाउटरब्रुनेन हे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम ८०० मीटरवर आहे. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, मधे पसरट हिरवं खोरं आणि कड्यांवरून पडणारे धबधबे. खोऱ्यात एकूण ७२ धबधबे असल्याचं सांगतात. आपले बरेच लोक मोठ्या सहलीतला एक थांबा म्हणून इथे येतात, स्टेशनबाहेर फोटो काढतात आणि दुपारच्या गाडीने परत फिरतात. त्यांच्या हाती काही लागत नाही, कारण इथला खरा मामला वरच्या गावांत आणि शिखरांवर आहे, आणि तिथे काय दिसणार हे ढग ठरवतात. म्हणून पहिला सल्ला हाच: किमान तीन रात्री ठेवा, चार मिळाल्या तर उत्तम. आणि शिखरावर नेणारं सगळ्यांत महागडं तिकीट कोणत्या दिवशी वापरायचं हे घरून ठरवून येऊ नका.

१. महिना निवडा

जून ते सप्टेंबर हा चालणाऱ्यांचा काळ. पण जूनच्या सुरुवातीला २,००० मीटरच्या वरच्या वाटांवर बर्फ असू शकतो. धबधबे मात्र मे-जूनमध्ये, बर्फ वितळत असताना, सर्वांत जोरात असतात. श्टाउबबाख हा गावालगतचा २९७ मीटरचा धबधबा ऑगस्टच्या अखेरीस कोरड्या वर्षी अगदी बारीक धारेवर येतो. तेव्हा धबधबे हवे असतील तर जूनचा दुसरा पंधरवडा आणि लांब पायवाटा हव्या असतील तर सप्टेंबर.

नवख्यांची फसगत होते ती एप्रिल-मे आणि नोव्हेंबरमध्ये. या दिवसांत हॉटेलं स्वस्त दिसतात, कारण रोपवे दुरुस्ती-तपासणीसाठी बंद असतात आणि वरची निम्मी हॉटेलंही कुलूपबंद असतात. आपल्याकडच्या मेच्या सुट्टीत जायचंच असेल तर बुकिंगच्या आधी प्रत्येक रोपवेच्या संकेतस्थळावर चालू-बंदच्या तारखा बघा. जानेवारीच्या मध्यावर वेंगेनला लाउबरहॉर्नची स्की शर्यत असते. ती १९३०पासून चालू आहे, आणि त्या आठवड्यात खोऱ्यात खोली मिळणं कठीण.

२. व्हिसा आणि कागदपत्रं

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. सहलीत दोन-तीन देश असतील तर ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील तर आधी ज्या देशात उतरणार त्याच्याकडे. स्विस व्हिसाचे अर्ज मुंबई आणि पुण्यात व्हीएफएस या व्हिसाअर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात दिले जातात. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. हा पंधरा दिवसांचा आकडा कागदावरचा समजा. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून अडीच-तीन महिने आधी कामाला लागा.

लागणारी कागदपत्रं:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी
- ३५ × ४५ मिलिमीटरचे अलीकडचे फोटो
- प्रवास विमा: किमान ३०,००० युरोचं संरक्षण, संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी, मुक्कामाच्या सगळ्या दिवसांचा
- विमानाचं जाण्या-येण्याचं आरक्षण आणि प्रत्येक रात्रीचं हॉटेल बुकिंग
- किमान तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेच्या सही-शिक्क्यासह
- आयकर विवरणपत्रं. नोकरी असेल तर रजामंजुरीचं पत्र आणि पगारपत्रकं, धंदा असेल तर नोंदणीचे कागद
- दिवसवार कार्यक्रम आणि छोटंसं अर्जपत्र
- मुलांसाठी जन्मदाखला. आई-वडिलांपैकी एकच सोबत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र

मोठ्यांना शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. केंद्राचा सेवाआकार वेगळा. खर्चासाठी माणशी दिवसाला १०० फ्रँक हा स्विस सरकारचा मापदंड आहे. खात्यातली रक्कम त्या हिशेबाला पुरेल एवढी हवी. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी मोठी रक्कम खात्यात वळवून घेणं हा जुना उपाय आहे आणि तो स्टेटमेंटमध्ये लगेच डोळ्यांवर येतो. दुसरी चूक तारखांची: हॉटेल १२ तारखेपर्यंत, विमान १३ला, विमा ११ला संपलेला. एका कागदावर सगळ्या तारखा ओळीने लिहून जुळवून बघा.

विमा घेताना बारीक अक्षरं वाचा. स्कीइंग, पॅराग्लायडिंग आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने केलेली सुटका बऱ्याच स्वस्त पॉलिसींत बसत नाही.

३. राहायचं कुठे: खाली की वर?

हा निर्णय नीट घ्या, कारण रोजचा वेळ आणि खर्च त्यावर ठरतो.

लाउटरब्रुनेन म्हणजे खोऱ्याचा तळ. इथून कुठेही जाणं सोपं, स्टेशनजवळ सुपरमार्केट, सामान ओढायला सपाट रस्ता. तोटा एकच: कडे इतके उंच की सकाळचं ऊन उशिरा पोचतं आणि दुपारी लवकर जातं. उन्हाळ्यात याचं काही वाटत नाही, हिवाळ्यात जाणवतं.

वेंगेन पूर्वेच्या कड्यावर, १,२७४ मीटरवर. गाव मोटारमुक्त आहे. दातेरी रुळांची आगगाडी लाउटरब्रुनेनहून साधारण पंधरा मिनिटांत पोचवते. ऊन भरपूर, हॉटेलं भरपूर. आजी-आजोबा आणि लहान मुलं सोबत असतील तर वेंगेन.

म्युरेन पश्चिमेच्या कड्यावर, १,६३८ मीटरवर. म्हणजे कळसूबाईचा माथा (१,६४६ मीटर) आणि हे गाव जवळजवळ एकाच उंचीवर, आणि समोर आयगर, म्योन्ख, युंगफ्राउ ही तीन शिखरं ओळीने. हेही मोटारमुक्त. देखाव्यासाठी आमची पसंती म्युरेनला, पण दोन मोठ्या बॅगा घेऊन जाणाऱ्याने विचार करावा: आधी गाडी किंवा बस, मग रोपवे, कदाचित पुन्हा गाडी, आणि मग हॉटेलपर्यंत चढ-उताराची गल्ली.

गिमेलवाल्ड हे म्युरेनच्या खालचं, १,३६३ मीटरवरचं शेतकऱ्यांचं गाव. शांतता हवी असेल तर यासारखं दुसरं नाही, पण तिथे सुपरमार्केट नाही. दूध-पाव-भाजी खालून किंवा म्युरेनहून घेऊन जायची.

बुकिंग करताना 'लाउटरब्रुनेन' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. वेंगेन, म्युरेन, गिमेलवाल्ड, श्टेखेलबेर्ग ही सगळी एकाच ग्रामपंचायतीत येतात, त्यामुळे जाहिरातीत लाउटरब्रुनेन आणि प्रत्यक्षात घर कड्यावर, असं होतं. नकाशावर जागा बघा. छोट्या गेस्टहाउसचं स्वागतकक्ष संध्याकाळी लवकर बंद होतं. उशिरा पोचणार असाल तर किल्ली कुठे ठेवणार ते आधी विचारून घ्या. खोलीभाड्याशिवाय माणशी प्रतिरात्र पर्यटन कर लागतो. त्याबदल्यात मिळणारं पाहुण्यांचं कार्ड मागून घ्या आणि त्यावर कोणत्या सवलती आहेत तेही विचारा.

४. रेल्वेचा पास: हिशेब सर्वांत महाग तिकिटापासून सुरू करा

पासांची नावं ऐकून डोकं गरगरतं. बहुतेकांसाठी निवड दोनांतच असते.

स्विस ट्रॅव्हल पासवर देशभरातल्या गाड्या, बसा, बोटी फिरता येतात. या खोऱ्यात तो वेंगेनपर्यंत आणि म्युरेनपर्यंत पूर्ण चालतो. त्यापुढे युंगफ्राउयोखला (आगगाडीने गाठता येणारी बर्फातली खिंड) फक्त २५ टक्के सूट, शिल्टहॉर्नला (म्युरेनच्या वरचं शिखर) म्युरेनपासून ५० टक्के.

हाफ फेअर कार्ड एकदा घ्यायचं, महिनाभर चालतं, आणि बहुतेक सगळीकडे निम्मं भाडं. युंगफ्राउयोखलाही निम्मं.

त्यामुळे चारही दिवस याच खोऱ्यात काढून युंगफ्राउयोख करणार असाल तर हाफ फेअर कार्ड सहसा स्वस्त पडतं. रोज नवं शहर, लुझर्न, त्सेरमाट, जिनिव्हा असा धावता बेत असेल तर ट्रॅव्हल पास. खोऱ्यातच मुक्काम ठोकून रोज रोपवे चढणाऱ्यांनी युंगफ्राउ ट्रॅव्हल पासचीही किंमत बघावी. तो आयगरग्लेचर स्थानकापर्यंत चालतो, पुढचं तिकीट वेगळं. सहा ते पंधरा वर्षांची मुलं असतील तर पासाबरोबर स्विस फॅमिली कार्ड मागा. ते फुकट असतं, आणि आई किंवा वडील सोबत असताना मुलांना तिकीट लागत नाही. मागितलं नाही तर आपोआप मिळेल असं धरू नका.

गाडीत चढून तिकीट काढू, हा विचार डोक्यातून काढा. विनातिकीट सापडलात तर दंड होतो आणि परदेशी म्हणून सूट मिळत नाही. ई-तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. 'सुपरसेव्हर' तिकीट स्वस्त असतं, पण ठरलेल्या गाडीलाच चालतं; विमान उशिरा उतरलं की पैसे गेले. विमानतळावरून निघण्याच्या प्रवासाला ते घेऊच नये.

५. झुरिकहून खोऱ्यापर्यंत

झुरिक विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्ट आणि तिथे गाडी बदलून लाउटरब्रुनेन. सगळं मिळून पावणेतीन तासांच्या आसपास. काही गाड्या इंटरलाकेन ओस्टपर्यंत थेट जातात, काहींना बर्नला बदल असतो; रेल्वेच्या एसबीबी अ‍ॅपमध्ये फलाटासकट दिसतं. इंटरलाकेनला दोन स्टेशनं आहेत, वेस्ट आणि ओस्ट. आपल्याला ओस्ट हवं, म्हणजे शेवटचं. वेस्टला गर्दी उतरली म्हणून आपणही उतरायचं नाही.

आता सर्वांत जास्त लोक जिथे चुकतात ती जागा. इंटरलाकेन ओस्टहून निघणारी डोंगरी गाडी त्स्वायल्युचिनेन या स्टेशनात दुभंगते. निम्मे डबे लाउटरब्रुनेनला जातात, निम्मे शेजारच्या खोऱ्यातल्या ग्रिंडेलवाल्ड गावाला. फलाट एकच, गाडी एकच, रंगही एकच. फलाटावरच्या फलकावर कोणता भाग कुठे जाणार ते लिहिलेलं असतं, आणि डब्याच्या पाटीवरही नाव असतं. जागा मिळाली की बसलो, असं केलंत तर अर्ध्या तासाने ग्रिंडेलवाल्डला पोचाल. कुटुंब मोठं असेल तर सगळे एकाच भागात चढलेत ना, हेही पाहा. चूक त्स्वायल्युचिनेनच्या आत लक्षात आली तर तिथे उतरून डबा बदलायला थोडा वेळ मिळतो.

म्युरेनला जायच्या दोन वाटा आहेत. एक: लाउटरब्रुनेन स्टेशनासमोरून रोपवेने ग्र्युचाल्प, तिथून छोट्या आगगाडीने म्युरेन. दुसरी: लाउटरब्रुनेनहून १४१ क्रमांकाच्या पिवळ्या बसने श्टेखेलबेर्गचं शिल्टहॉर्नबान स्थानक आणि तिथून थेट रोपवे. हा नवा रोपवे डिसेंबर २०२४मध्ये सुरू झाला. त्याचा सर्वाधिक चढ १५९.४ टक्के आहे आणि जगातला सर्वांत तीव्र चढाचा रोपवे म्हणून तो ओळखला जातो. बसचे 'श्टेखेलबेर्ग' नावाचे थांबे एकाहून जास्त आहेत. रोपवेसाठी 'शिल्टहॉर्नबान' लिहिलेल्या थांब्यावरच उतरा. गावाचा थांबा त्याच्या पुढे आहे.

मोटार भाड्याने घेतली असेल तर वेंगेनसाठी लाउटरब्रुनेनच्या पार्किंग इमारतीत आणि म्युरेन-गिमेलवाल्डसाठी श्टेखेलबेर्गला रोपवेपाशी लावायची. जुलै-ऑगस्टमध्ये दहाच्या आत दोन्हीकडे गर्दी होते. खरं सांगायचं तर या खोऱ्यासाठी मोटार हे ओझंच.

६. बॅगेत काय, काय नाही

छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट घ्या. तळाला खाचा असलेले बूट, गॉगल, सनस्क्रीन, आणि एकाच जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ थर. भिजलेली जीन्स दिवसभर वाळत नाही.

प्लग: वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, पण सॉकेट स्विस पद्धतीचं, खोलगट षट्कोनी. मोबाइलच्या चार्जरचा सडपातळ दोन पिनांचा प्लग त्यात बसतो. आपला तीन पिनांचा बसत नाही, आणि 'युरोप अ‍ॅडॉप्टर' म्हणून मिळणारा जाड गोलही बसत नाही. स्विस लिहिलेलाच घ्या.

सिमकार्ड: 'संपूर्ण युरोप' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पॅकमध्ये स्वित्झर्लंड नसतं. देशांची यादी वाचून घ्या. फॉरेक्स कार्डात युरो नको, स्विस फ्रँक भरा. दुकानातल्या मशीनने 'रुपयांत की फ्रँकमध्ये' असं विचारलं तर फ्रँक. रुपयांचा दर नेहमी महाग लावलेला असतो.

आणि खाऊ. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड आणि आईने प्रेमाने दिलेली तुपाची बरणी, सगळं घरीच ठेवा. आंब्यालाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते पेटीबरोबर कुणी देत नाही. भडंग, चकली, शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी यांना हरकत नाही. भाजणी न्याच, पण स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं असेल तरच. हॉटेलच्या खोलीत इंडक्शन लावून फोडणी केली की धुराचा इशारा वाजतो आणि नंतर बिल येतं.

७. रोजचा बेत: सकाळी कॅमेरा बघा, मग तिकीट

प्रत्येक शिखरावर वेबकॅम आहे आणि चित्र थेट दिसतं. सकाळी उठून आधी तेच बघायचं. खोऱ्यात धुकं आणि वर लख्ख ऊन असं खूपदा होतं, उलटही होतं. फ्योन नावाचा दक्षिणेचा वारा सुटला की आकाश निरभ्र असूनही रोपवे थांबतात, म्हणून कॅमेऱ्याबरोबर चालू-बंदची यादीही बघा.

*वर ढग असतील तर* खोऱ्यातच राहा. ट्रुमेलबाख हा धबधबा डोंगराच्या पोटात आहे: आयगर, म्योन्ख आणि युंगफ्राउच्या हिमनद्यांचं पाणी कातळ कापत दहा टप्प्यांत उतरतं, भर हंगामात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. बोगद्यातल्या लिफ्टने वर जायचं, पायऱ्यांनी सर्वांत वरच्या टप्प्यापर्यंत चढायचं आणि मग पाहत पाहत खाली यायचं. कातळ थरथरतो, बोललेलं ऐकू येत नाही, तुषार अंगावर येतात आणि पायऱ्या ओल्या असतात. रेनकोट घाला, चपला नकोत. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत. एप्रिल ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडं असतं. गावातून सपाट वाटेने पाऊण ते एक तास, किंवा १४१ची बस. तीच वाट पुढे नदीकाठाने श्टेखेलबेर्गपर्यंत जाते. पूर्ण अंतर पावणेदोन-दोन तासांचं, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमेल असं.

*अर्धवट उघडीप असेल तर* ग्र्युचाल्प ते म्युरेन रुळांच्या कडेने चाला. सव्वा तास, जवळजवळ चढ नाही, आणि ढग जेव्हा फाटतील तेव्हा समोर तिन्ही शिखरं. मधे विंटरएगचं स्थानक आहे. दमलात तर तिथून गाडी पकडता येते. म्युरेनहून गिमेलवाल्डला डांबरी वाटेने उतरायला साधारण चाळीस मिनिटं.

*आकाश मोकळं असेल तर* मोठं तिकीट आज वापरा. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे आणि तिथपर्यंतची रेल्वे १९१२मध्ये सुरू झाली, ९.३ किलोमीटरचा मार्ग, त्यातला बहुतेक बोगद्यात. लाउटरब्रुनेनहून वेंगेन, क्लाइने शायडेक असं बदलत दोन तासांच्या आसपास लागतात. ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलहून २०२०मध्ये सुरू झालेला आयगर एक्स्प्रेस रोपवे पंधरा मिनिटांत आयगरग्लेचरला नेतो. आमचं मत: एका वाटेने जा, दुसरीने या. तिकीट काढतानाच परतीचा मार्ग वेगळा हवा असं सांगा. भर हंगामात वरच्या गाडीची जागा राखून ठेवा, नाहीतर रांगेत तास जातो. वर ऑगस्टमध्येही शून्याच्या आसपास थंडी असू शकते.

उंचीला हलकं घेऊ नका. दोन तासांत ८०० मीटरवरून ३,४५४वर गेलं की डोकं जड होतं, पायऱ्या चढताना धाप लागते. हळू चाला, पाणी प्या, धावपळ नको. हृदयविकार किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. त्यांच्यासाठी शिल्टहॉर्न (२,९७० मीटर) किंवा वेंगेनहून रोपवेने मेनलिखेन बरं. मेनलिखेन ते क्लाइने शायडेक ही ३३ क्रमांकाची वाट साडेचार किलोमीटरची, बहुतेक उताराची आणि आयगरच्या उत्तर कड्याकडे तोंड करून जाणारी आहे. वाट उलट्या दिशेने चालू नका. चढ येतो आणि शिखरं पाठीमागे राहतात.

८. पाट्या वाचायला शिका

पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट: चढ, दगड, कुठे दरी, तिथे बूट हवेतच. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की परत फिरा, ती वाट दोर आणि अनुभव असणाऱ्यांची. पाटीवरची वेळ विश्रांती न धरता लिहिलेली असते. फोटो काढत चालणाऱ्या कुटुंबाने ती दीडपट धरावी.

वाटेतली कुरणं रिकामी दिसली तरी तो गाईंचा हिवाळ्याचा चारा आहे, गवत तुडवू नका. पातळ पांढरी तार दिसली तर तिच्यात वीज असते. वासरं जवळ असलेल्या गाईपासून लांबून जा. फाटक उघडलंत तर लावून घ्या.

९. खाणंपिणं

हॉटेलांची स्वयंपाकघरं रात्री साडेआठ-नऊला बंद होतात. शाकाहाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: र्‍योस्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचा खरपूस थर, पण त्यावर 'श्पेक' असेल तर ते डुकराचं मांस. आल्प्लरमाग्रोनेन या मॅकरोनी-बटाटा-चीजच्या पदार्थातही कधी कधी श्पेक असतो. चीज फोंड्यूत पांढरी वाइन असते आणि बहुधा किर्श नावाची दारूही. सूपचा अर्क मांसाचा असू शकतो. 'फेगेटारिश' आणि 'ओने फ्लाइश', म्हणजे मांसाशिवाय, एवढे शब्द पुरतात. इंग्रजीही बहुतेकांना येतं.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं आणि गावातल्या हौदांवरचं पाणी पिण्याजोगं असतं. जिथे नसतं तिथे 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असते.

१०. अडचण आली तर, आणि परतताना

सगळ्या आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिका १४४, पोलीस ११७, डोंगरातून हवाई सुटकेसाठी १४१४. जवळचं मोठं रुग्णालय इंटरलाकेनला लागून असलेल्या उंटरझेनमध्ये.

वरून खाली यायच्या शेवटच्या गाडीची वेळ रोज सकाळी बघून ठेवा. शिखरावरची शेवटची गाडी संध्याकाळी लवकर सुटते आणि ती चुकली तर रात्रीची टॅक्सी वगैरे काही नाही. परतीचं विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र खोऱ्यात न घालवता झुरिकला काढा. म्युरेनहून पहिल्या गाडीने निघूनही सकाळचं चेक-इन गाठता येत नाही. विमान दुपारनंतरचं असेल, तर एक गाडी चुकली तरी चालेल एवढी फट ठेवून निघा. आणि इंटरलाकेनकडे परतताना डब्याची पाटी शोधावी लागत नाही, तिथे दोन्ही भाग पुन्हा जोडले जातात.